घरगुती प्रयोग आणि मुलांची नोंदवही

प्राथमिक शाळेतील मुलांच्या विज्ञानाच्या वह्या चाळल्या तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे नीटनेटके आखलेले असतात, त्यांखाली रंगीत रेघ असते, आणि ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली चाळीस वह्यांत चाळीस वेळा एकच वाक्य असते. ते वाक्य पाठ्यपुस्तकातले असते. प्रयोग वर्गात प्रत्यक्ष झाला असो वा नसो, त्या वाक्यात फरक पडत नाही. चाळीस मुलांनी एकच वस्तू पाहिली तरी चाळीस जणांना ती अगदी एकसारखी दिसेल हे संभवत नाही. तेव्हा मुलांनी जे पाहिले ते लिहिले नाही, जे लिहावयाचे असते ते लिहिले, एवढाच याचा अर्थ.

हा दोष मुलांचा नव्हे. वर्गात वेळ थोडा, साहित्य तुटपुंजे आणि मुले पुष्कळ. शिक्षकाने टेबलावर प्रयोग करून दाखवावा आणि मागच्या बाकावरच्या मुलांनी माना उंचावून त्यातले निम्मेअर्धे पाहावे, असेच बहुधा घडते. म्हणूनच घरी, स्वतःच्या हातांनी, आपल्या सवडीने केलेल्या साध्या प्रयोगाला शिक्षणात वेगळे स्थान आहे. तेथे परीक्षक नसतो, घंटा होत नाही आणि प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडले नाही तर जे घडले ते लिहिण्याचे धैर्य मुलाला कोठे यावयाचे असेल, तर ते येथेच येण्याचा संभव अधिक.

पुढील उदाहरणे मुद्दाम शहरी वस्तीतील घेतली आहेत. शहापूर-मुरबाडकडील शाळांतील मुलांना शेत, ओढा, पाखरे, गुरे हे सारे अंगणापलीकडेच असते. त्यांच्या पालकांना आणि शिक्षकांना ‘प्रयोगाला काहीच मिळत नाही’ असे म्हणावयास जागा नाही. ती तक्रार ऐकू येते ती इमारतींतून. मीरा-भाईंदर शहरात रेल्वेमार्गाच्या पूर्वेस इंद्रलोक ही दाट वसाहत आहे. येथील शाळा जिल्हा परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. शहराला २००२ पासून स्वतःची महानगरपालिका आहे. पण येथल्यासारखी घरे आता जिल्ह्यात सर्वत्र वाढत आहेत. दोन खोल्यांची सदनिका, कामासाठी सकाळच्या गाडीने मुंबईकडे जाणारे आईवडील, घरी आजी किंवा शेजारच्या काकू, आणि मुलाच्या वाट्याला आलेली खिडकीची एक कड. एवढ्या साहित्यावर काय करता येते हे पाहू.

मिठाची बशी

भाईंदरची जुनी ओळख मिठागरांची. शहराच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. भरतीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घ्यावयाचे, उन्हाने ते आटवावयाचे आणि तळाशी उरलेले मीठ ओढून त्याचे ढीग लावावयाचे, हा उद्योग या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारे ते पांढरे ढीग मागच्या पिढीच्या चांगल्या स्मरणात आहेत. आज इंद्रलोकातील एखाद्या मुलाला मीठ कोठून येते असे विचारले तर तो बहुधा दुकानाचे नाव सांगेल. त्याला हसण्याचे कारण नाही. त्याने मीठ पिशवीतच पाहिले आहे.

त्याला एक बशी आणि एक काचेचा उभट पेला द्यावा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाच्या खुणा असलेले झाकण असते. ते घरातील उत्तम मोजपात्र होय. त्याने शंभर मिलिलिटर पाणी मोजावे, त्यात दोन सपाट चमचे मीठ ढवळून विरघळवावे, आणि निम्मे पाणी बशीत, निम्मे पेल्यात ओतावे. तिसऱ्या एका बशीत तेवढेच साधे पाणी घ्यावे. तिन्ही भांडी खिडकीत ठेवावी. मात्र ठेवण्यापूर्वी मुलाने वहीत एक गोष्ट लिहावी : कोणते भांडे आधी कोरडे होईल असे त्याला वाटते, आणि का.

हे आधी लिहिणे अत्यंत महत्त्वाचे आहे. निष्कर्ष कळल्यावर प्रत्येकालाच ‘मला हे ठाऊक होते’ असे वाटते, मोठ्यांनाही वाटते. शाईने लिहिलेला अंदाज मात्र बदलत नाही. तो चुकला तर चुकला म्हणून वहीत राहतो, आणि मुलाला स्वतःच्या मनाची चाल तेथे दिसते.

मार्च-एप्रिलच्या दिवसांत साध्या पाण्याची बशी प्रथम कोरडी होते, तिच्यामागोमाग मिठाच्या पाण्याची. पेला मात्र कित्येक दिवस तसाच राहतो. पाणी दोन्हीकडे सारखेच होते. मग फरक कशाचा? मुलाला येथे थांबू द्यावे. बशीत पाणी पसरलेले आहे, हवेला त्याचा मोठा पृष्ठभाग मिळाला आहे, हे उत्तर बरीच मुले थोड्याफार विचाराने स्वतः काढतात. मग मिठागराचे वाफे उथळ का ठेवतात हा प्रश्न त्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. बशीच्या तळाशी उरलेले कण भिंगातून पाहिले तर ते चौकोनी दिसतात. विकत आणलेले मीठ बारीक दळलेले असल्याने त्यात हा आकार सहसा डोळ्यांना जाणवत नाही.

आता हाच प्रयोग जुलै महिन्यात करावा. येथेच खरी मौज आहे.

पावसाळी दिवसांत साध्या पाण्याची बशी हळूहळू का होईना कोरडी होते. मिठाच्या पाण्याची बशी मात्र होत नाही. पाणी काही दिवस कमी होत जाते, आणि मग कमी होणे थांबते. दाट खारे पाणी तळाशी तसेच राहते. आठवडा गेला तरी तसेच. फार काय, उन्हाळ्यात कोरडे झालेले मीठ दुसऱ्या बशीत उघडे ठेवले तर तेही ओलसर होऊन पाझरू लागते. ‘बशीतील पाणी आटते व मीठ मागे राहते’ असे जे छापील वाक्य, ते या बशीपुढे खोटे ठरते.

अशा वेळी घरात काय घडते? बहुतेक घरांत ‘प्रयोग फसला’ असे म्हणून बशी धुऊन टाकली जाते, आणि वहीत पुस्तकातील वाक्य उतरवले जाते. मुलाने आठ दिवस रोज पाहून मिळवलेले सत्य मोरीत जाते. त्याहून वाईट असे की, पुस्तक आणि डोळे यांत तफावत पडली तर डोळ्यांना गप्प करावयाचे असते, हा पाठ तो नकळत शिकतो. हा पाठ एकदा पक्का झाला की तो पुसणे फार कठीण.

वास्तविक जुलैतील बशी उन्हाळ्यातील बशीपेक्षा अधिक शिकवणारी आहे. आजीला विचारले तर ती सांगेल की पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, म्हणून त्यात तांदळाचे दाणे घालतात. म्हणजे घरातील प्रत्येकाला हे दिसत होते. प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. कारण असे की मिठाला पाण्याची ओढ आहे. हवेत बाष्प किती आहे हे टक्क्यांनी सांगतात, त्यास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ती सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून घेऊन पाझरते, आणि तिच्या खाली उतरली की पुन्हा सुकते. कोकणपट्टीवर पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक काळ या मर्यादेच्या वरच असते. साध्या पाण्याला ही अडचण नाही, म्हणून ती बशी सुकली. तिसरी बशी ठेवली नसती तर मुलाने ‘हवा दमट आहे म्हणून काहीच सुकत नाही’ असे म्हटले असते, आणि ते चुकले असते. तुलनेसाठी एक साधे भांडे शेजारी का ठेवावयाचे, याचे याहून चांगले स्पष्टीकरण वर्गात देता येणे अवघड आहे.

यातून मुलाला दोन गोष्टी मिळाल्या : एक, मिठाविषयीची माहिती, दुसरी, अपेक्षेविरुद्ध गेलेला प्रयोग टाकून द्यावयाचा नसतो हा अनुभव. पहिली पुस्तकातूनही मिळाली असती.

मेणबत्तीचे उत्तर

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. थाळीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथा काचेचा पेला. ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. पुष्कळ पुस्तकांतून, आणि पुष्कळ शिक्षकांकडूनही, याचे कारण असे सांगितले जाते की हवेत सुमारे एकपंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो हे खरे आहे, आणि पाणीही अदमासे तेवढेच चढलेले दिसले की हे उत्तर पटते. तरीपण ते बरोबर नाही.

हे मुलाला सांगू नये. त्याला पुन्हा पाहावयास लावावे. ज्योत जळत असताना पाणी चढते का, की विझल्यावर चढते? पेला पालथा घालताना त्याच्या काठाशी बुडबुडे येतात का? एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर काय होते? नऊ-दहा वर्षांचे मूल हे तिन्ही प्रश्न एका संध्याकाळी पाहून संपवू शकते. त्याला दिसेल की पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर, आणि झपाट्याने चढते. पेला घाईने पालथा न घालता क्षणभर ज्योतीवर धरून मग खाली नेला तर पाणी अधिक चढते. तीन मेणबत्त्यांनी तर आणखी वर जाते. पेल्यातील प्राणवायू तर तेवढाच होता. मेणबत्त्या वाढल्याने तो वाढला नाही. मग पाणी अधिक का चढावे?

उत्तर उष्णतेत आहे. ज्योतीने पेल्यातील हवा तापून प्रसरण पावते, काही बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आकुंचन पावते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. प्राणवायू काही खर्च होतो, पण त्याच्या बदल्यात कर्बद्विप्राणिद वायूही तयार होतो. शिवाय सगळा प्राणवायू संपण्यापूर्वीच ज्योत मालवते. एकपंचमांश हा आकडा जुळला तो योगायोगाने.

शिक्षकांपैकी काहींना हे वाचून अवघडल्यासारखे होईल, कारण त्यांनीही वर्षानुवर्षे जुने कारण सांगितले असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. एखाद्या विद्यार्थिनीने घरी तीन मेणबत्त्या लावून पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून ‘बाई, पाणी जास्त चढले’ असे सांगितले, तर त्या क्षणी शिक्षिका काय करते यावर त्या मुलीचे पुढील शिक्षण बरेचसे अवलंबून राहील. ‘पुस्तकात आहे तेच लिही’ हे उत्तर फार सोपे आहे, आणि परीक्षेच्या दृष्टीने सोयीचेही. ‘उद्या आपण सगळे पाहू’ हे उत्तर द्यावयास धैर्य लागते.

मेणबत्ती ही काही क्षुल्लक वस्तू नव्हे. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात लहान मुलांसाठी व्याख्याने दिली, त्यांचा विषय एक साधी मेणबत्ती हाच होता. हा फॅरडे लहानपणी पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवार होता. बांधणीस आलेली पुस्तके तो वाचीत असे. त्यांत जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक होते. त्यातील प्रयोग परवडतील त्या साहित्याने तो स्वतः करून पाही, आणि छापलेले खरे आहे अशी त्यातून खात्री पटली म्हणून त्या पुस्तकावर त्याचा विश्वास बसला. विश्वास आधी आणि प्रयोग मागून, असा क्रम त्याने ठेवला नाही.

हळद आणि नवरात्रीचा घट

स्वयंपाकघरात आजीचे राज्य असते, आणि तिला पुष्कळ रसायनशास्त्र ठाऊक असते. त्याला ती ते नाव देत नाही इतकेच. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली आणि त्यावर साबण लावला की पिवळा डाग लाल होतो, आणि धुतलेला कपडा उन्हात वाळत घातला की तो पुसट होत जातो, हे तिने आयुष्यभर पाहिले आहे. हळदीवर चुन्याचा संस्कार झाला की कुंकवाचा रंग येतो, हेही तिला माहीत असते. मुलाने हळदीच्या पाण्याने कागदाच्या पट्ट्या रंगवून वाळवाव्या. एकीवर साबणाचे पाणी, दुसरीवर लिंबाचा रस, तिसरीवर धुण्याच्या सोड्याचे पाणी असे थेंब टाकावे. लाल झालेल्या पट्टीवर पुन्हा लिंबू पिळावे. खाण्याच्या सोड्याने रंग किती बदलतो, की बदलतच नाही, हे येथे मुद्दाम लिहिलेले नाही. ते पट्टीवरच पाहावे. एक पट्टी निम्मी झाकून चार दिवस उन्हात ठेवली की डाग उन्हात का जातो या प्रश्नाची सुरुवात होते.

आजी आणि नातू यांचे नाते येथे थोडे निराळे होते. ‘असे असते’ हे तिचे वाक्य. ‘करून पाहू’ हे त्याचे. बहुतेक वेळा तिचेच खरे ठरते, आणि नातवाला तिच्याविषयी नवा आदर वाटू लागतो. कधी ठरत नाही. तेव्हा दोघे मिळून हसतात. इंद्रलोकसारख्या वसाहतीत एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय अशी कुटुंबे राहतात. शेजारच्या आजीची रीत वेगळी असेल तर तीही पारखून पाहता येते.

अश्विन महिन्यात ज्या घरांत घट बसतो, तेथे नऊ दिवसांचा एक प्रयोग आपोआप मांडलेला असतो. मातीत धान्य पेरतात, पाणी शिंपडतात, आणि दसऱ्यापर्यंत पिवळसर कोवळे अंकुर हातभर नाही तरी वीतभर येतात. घटाच्या पावित्र्यास बाध न आणता मुलाने त्याच दिवशी, तेच धान्य, तेवढीच माती घेऊन दुसरे एक भांडे खिडकीतील उजेडात ठेवावे आणि पाणी तेवढेच घालावे. बाकी सर्व सारखे, फरक फक्त उजेडाचा. अंदाज आधी लिहावा. बहुतेक मुले लिहितात की अंधारातील रोप लहान राहील, कारण त्याला ऊन मिळत नाही. दसऱ्याला पट्टीने मोजतात तेव्हा देवघरातील रोपे बहुधा अधिक उंच निघतात, मात्र पिवळी आणि लुसलुशीत. खिडकीतील रोपे बुटकी, हिरवी आणि ताठ. बियाण्यात साठवलेल्या अन्नावर अंकुर उजेडाच्या शोधात लांबत जातो. उजेड सापडला की लांबणे आवरून हिरवा होऊ लागतो. ‘उंच म्हणजे सुदृढ’ ही समजूत तेथे मोडते, आणि ती मोडण्यास कोणाच्या व्याख्यानाची आवश्यकता राहत नाही.

दोऱ्याला कुलूप बांधून खिडकीच्या गजाला टांगणे हा आणखी एक छोटा प्रयोग. दहा झोके घेण्यास किती सेकंद लागतात हे घड्याळावर मोजावे. पहिल्यांदा तेवीस, दुसऱ्यांदा एकवीस, तिसऱ्यांदा बावीस असे आले की मूल गोंधळते आणि ‘खरे कोणते’ असे विचारते. तिन्ही लिहावे, हे उत्तर. मोजण्यात थोडी चूक असतेच, आणि ती लपवावयाची नसते, हे दहाव्या वर्षी कळणे ही लहान गोष्ट नव्हे. कुलूप जड घेतले तर झोका लवकर येईल असा अंदाज बहुतेक जण करतात. दोऱ्याची लांबी तीच राखून जड कुलूप बांधले तर तो चुकतो. दोरा पाव मीटर आणि एक मीटर असा घेतला तर मात्र झोक्याचा काळ साधारण एक सेकंद आणि दोन सेकंद असा येतो. लांबी चौपट, काळ दुप्पट.

जिल्ह्यातील व बाहेरील अनुभव

घरातील आणि परिसरातील वस्तूंतून शिकविण्याची दृष्टी या प्रदेशाला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी पाड्यांतील मुलांसाठी महागडी शैक्षणिक साधने आणणे शक्य नव्हते. तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. डहाणू तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांतून १९७२ मध्ये विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. मुलांनी प्रयोग स्वतः करावे, आणि पुस्तकात प्रश्न असावेत पण तयार उत्तरे नसावीत, असे त्याचे धोरण होते. परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवण्यास मुभा असे. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये शासनाने बंद केला. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तेथे गेले, आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून भूमितीच्या आकृत्या करण्याची युक्ती त्यांना तेथेच सुचली. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी तयार केली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, ज्याची स्थापना १९७४ ची, प्राथमिक वर्गांसाठी डॉ. जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने पुस्तके तयार केली. त्यांतही मुलाने स्वतः पाहून स्वतःच्या शब्दांत लिहिण्यावर भर आहे. शिक्षकांनी ती अवश्य पाहावी.

पालकांनी व शिक्षकांनी काय टाळावे

प्रथम, विकतचा प्रकल्प. शाळेने ‘विज्ञान प्रकल्प करून आणा’ असे सांगितले की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानांत पालकांची गर्दी होते. थर्माकोलचा ज्वालामुखी, तयार पवनचक्की, रंगवलेली सूर्यमाला असे काहीतरी विकत घेतले जाते, रात्री वडील ते चिकटवतात आणि मूल शेजारी झोपी जाते. दुसऱ्या दिवशी त्यास पहिले पारितोषिकही मिळते. अशा प्रकल्पातून मूल जे शिकते ते विज्ञान खचित नव्हे. शाळांनी प्रकल्पाऐवजी नोंदवही मागवावी, आणि तीत अंदाज चुकल्याची एक तरी नोंद असावी अशी अपेक्षा ठेवावी. खोडाखोड असलेल्या वहीस गुण कमी करू नयेत.

दुसरे, घाईने उत्तर सांगणे. दिवसभराच्या नोकरीने आणि गाडीच्या गर्दीने थकून आलेल्या आईवडिलांना मुलाचा प्रश्न लवकर संपवावासा वाटतो, हे स्वाभाविक आहे. हल्ली तर उत्तर भ्रमणध्वनीवर क्षणात मिळते. परंतु ‘तुला काय वाटते?’ हे म्हणण्यासही उत्तर शोधण्यापेक्षा कमीच वेळ लागतो. आठवड्यातून एक रविवार, तोही अर्धा तास, एवढे पुरेसे आहे. रोजचे पाहणे मूल स्वतः करील.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट सांगणे अवश्य आहे. ज्योतीचा प्रयोग मोठे माणूस जवळ असतानाच व्हावा, सैल ओढणी व पडदे दूर असावेत. भिंतीतील विजेच्या जोडणीला प्रयोगासाठी कधीही हात लावू नये. चुना आणि धुण्याचा सोडा डोळ्यांत जाता कामा नये. प्रयोगातील कोणतीही वस्तू चाखू नये, मीठसुद्धा. ही सवय पुढे उपयोगी पडते. उघड्या गॅलरीत वा गजाविना असलेल्या खिडकीत भांडी ठेवण्यासाठी मुलाने वाकू नये.

काही पालक विचारतील की यामुळे परीक्षेत गुण वाढतील काय. वाढतील असे छातीठोकपणे सांगता येत नाही. कदाचित एखाद्या उत्तरास छापील वाक्य न लिहिल्याने गुण जातीलही. त्याचा विचार शिक्षकांनी तपासणी करताना करावा.

घराबाहेर पडावयाचे झाल्यास खाडी जवळच आहे. किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा एक जुना हिशेब आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीस तीन वाजता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्याचेच हे सुटसुटीत गणित. दिनदर्शिकेतील तिथी पाहून मुलाने वेळ काढावी, आणि वडिलांबरोबर सुरक्षित जागेवरून, किंवा भाईंदर-नायगाव दरम्यानच्या पुलावरून गाडी जात असताना, पाणी कोठवर आले आहे ते पाहावे. खाडीच्या आतील भागात समुद्राहून थोडा उशीर होतो. तो किती होतो, हे काही दिवसांच्या नोंदींवरून काढता येईल.

नोंदवहीसाठी साधी शंभर पानी वही पुरे. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, पाऊस की ऊन, आधीचा अंदाज, आणि जे दिसले ते मुलाच्या शब्दांत. जुलैतील मिठाच्या बशीचे पान कोरे सोडू नये; ‘अजून ओलीच आहे’ असे रोज लिहावे लागले तरी लिहावे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच बशी, तेवढेच पाणी, तेवढेच मीठ घेऊन पुन्हा मांडावी, आणि नवी नोंद त्या पानाच्या समोरच्या पानावर करावी.